निळ्या ताटातला भात

पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवरून इस्त्री फिरवता फिरवता कॅप्टननी स्वयंपाकघराकडे तोंड करून हुकूम सोडला, की दुपारी तालीम आहे, तोवर कुणीही काही खाऊन बसू नये. घरात ‘कुणीही’ म्हणजे त्यांची बायको एवढंच माणूस होतं. माईंनी आतून विचारलं, तालीम कसली, जेवायचीच ना? जेवायला तालीम लागते हे त्या जन्मात पहिल्यांदाच ऐकत होत्या.

कॅप्टन हे काही लढाईतले कॅप्टन नव्हेत. एका मोठ्या हॉटेलात मेजवान्यांची टेबलं लावणाऱ्या पोरांवरचे ते मुकादम, आणि हॉटेलात त्या हुद्द्याला कॅप्टन म्हणतात. नोकरी संपली तरी नाव काही सुटलं नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, वाणी म्हणायचा, आणि रागावल्या की माईसुद्धा म्हणायच्या. माणूस शिस्तीचा. काट्याची दांडी आणि टेबलाची कड यांत अंगठ्याएवढं अंतर हवं म्हणजे हवंच. पाहुण्याच्या ग्लासावर बोटाचा ठसा दिसला तर त्यांना रात्री झोप लागत नसे. मात्र घरी आल्यावर या गृहस्थांनी कधी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं असेल तर शपथ. दिवसभर लोकांना वाढून पाय दुखतात, घरी तरी मला बसू द्या, असं त्यांचं म्हणणं. माईंनाही ते पटायचं, निदान त्या तसं दाखवायच्या.

तर असा हा माणूस आज घरचं टेबल लावायला घेतो म्हणजे कारण तसंच होतं.

गेल्या हिवाळ्यात माईंचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही, पण जिथे बघावं नेमकं तिथेच एक मळका ढग येऊन बसला. समोरच्या माणसाचा शर्ट दिसायचा, चेहरा नाही. डॉक्टर भला माणूस. त्याने खोटी आशा दाखवली नाही. हे परत यायचं नाही, आहे तेवढं किती टिकेल तेही सांगता येत नाही, म्हणाला. माईंनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर, घरी जाताना बटाटे घ्यायचे आहेत, एवढंच बोलल्या.

मग लेक, जावई आणि नात जेवायला आले तेव्हा तो प्रकार झाला. माई रस्सा वाढत होत्या. वाटी आहे असं त्यांना वाटलं तिथे वाटी नव्हती, जावयाची मांडी होती. रस्सा गॅसवरून नुकताच उतरलेला. बिचारा खुर्चीसकट मागे गेला, पण तोंडातून ब्र काढला नाही. उलट, पँट जुनीच होती म्हणाला. ती नवी कोरी होती हे लेकीच्या गप्प बसण्यावरून माईंना कळलं.

त्या दिवसापासून माईंनी मागूनसुद्धा टेबलावर बसणं सोडलं. तुम्ही बसा, मी मागून बसते. आज भूक नाही. आज पोट जड आहे. सबबींना काय तोटा? कॅप्टनच्याही बरेच दिवस काही लक्षात आलं नाही, कारण त्यांना वाढून माई मागून जेवायच्या हे घरात पहिल्यापासूनच होतं. एकदा मीठ मागायला म्हणून ते आत गेले, तर माई मोरीपाशी उभ्या होत्या, ताट हनुवटीला लावून, सांडलं तर मोरीत सांडावं म्हणून. कॅप्टन तसेच मागे फिरले आणि अळणीच जेवले.

आणि आता जावयाची बदली झाली होती. उन्हाळा सरला की तिघं लांबच्या गावी जाणार, पुन्हा कधी येतील कोण जाणे. उद्या रविवारी त्यांचं निरोपाचं जेवण होतं. माईंनी चार दिवस आधीच जाहीर करून टाकलं होतं, की स्वयंपाक मी करते, पण बसेन मागून. कॅप्टननी तेव्हाच मनाशी ठरवलं, की रविवारी ही बाई त्या टेबलावर बसली पाहिजे. नाहीतर इतकी वर्षं लोकांना बसवलं त्याला अर्थ काय राहिला?

तालमीसाठी त्यांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. निरोपाच्या वेळी हॉटेलने दिलेला पांढरा टेबलक्लॉथ. पांढरी ताटं, पांढऱ्या वाट्या. नॅपकिनचे पांढरे पंखे. काचेचे ग्लास असे पुसले की आहेत की नाहीत कळू नये. ताटात नमुन्याला भात आणि वाटीत दही. मग त्यांनी माईंना हाताला धरून आणलं, खुर्ची ओढून बसवलं, आणि कौतुक ऐकायला हात मागे बांधून उभे राहिले.

माईंनी हात पुढे केला. बोटं आधी दह्यात गेली. त्या दचकल्या, हात मागे घेताना ग्लासाला लागला, आणि ग्लास आडवा होऊन पाणी इस्त्रीच्या घडीघडीतून धावत त्यांच्या मांडीवर आलं.

“काय काय मांडलंय यावर?” माईंनी विचारलं.

कॅप्टननी सांगितलं. ताट, दोन वाट्या, ग्लास, नॅपकिन, भात, दही.

“मला यातलं काही दिसत नाही हो. पांढऱ्यावर पांढरं, त्यात पुन्हा पांढरं. धुक्यात जेवायला बसवलंत तुम्ही मला.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या शांतपणे उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. कॅप्टन त्या टेबलाकडे बघत राहिले. असं टेबल लावलं म्हणून हॉटेलात मोठमोठ्या लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. आज त्यांना ते टेबल उचलून खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं.

शेवटी पाणी तर पुसायला हवं. फडकं शोधायला ते स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. इतकी वर्षं या खोलीत ते मीठ, पाणी आणि चहा मागण्यापलीकडे कशासाठी आले नव्हते. आज त्यांनी ती पहिल्यांदा नीट पाहिली. साखरेच्या डब्याला लाल चिंधी. दुधाच्या पातेल्याखाली गडद हिरवं फडकं. लसूण काळ्या तव्यात ठेवलेला. गॅसच्या बटणावर नखपॉलिशचा भडक ठिपका. माई भांडी आवरून आता टोमॅटो चिरत होत्या आणि त्यांचा हात कुठेही चाचपडत नव्हता. पांढऱ्या फळीवरचा लालभडक टोमॅटो त्यांना बरोबर सापडत होता.

“हे सगळं तू कधी केलंस?” कॅप्टननी विचारलं.

“हळूहळू केलं. सुरीच्या मुठीला पिवळी पट्टीसुद्धा होती. मागच्या महिन्यात कुणीतरी साफसफाई केली त्यात ती गेली.”

ती साफसफाई कॅप्टननीच केली होती. मळकी चिकटपट्टी दिसली, हॉटेलातल्या माणसाला ती बघवेना, म्हणून खरवडून काढली होती, आणि वर माईंना ऐकवलं होतं की घर कसं टापटीप हवं. त्याच आठवड्यात माईंचं बोट कापलं होतं. डब्याचा पत्रा लागला असं त्या म्हणाल्या होत्या.

कॅप्टननी खण उपसून पिवळी पट्टी शोधली, माईंच्या हातातली सुरी काढून घेतली, आणि मुठीला ती पट्टी इतकी सफाईने गुंडाळली की एक सुरकुती राहिली नाही. मग स्टूल ओढून ते समोर बसले आणि म्हणाले, “आता मला सांग, तुला काय दिसतं. मी ऐकतो.”

माईंना हसू आलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी बरं सुचलं.

त्यांनी सांगितलं आणि कॅप्टननी ऐकलं. गडदावर फिकं दिसतं, फिक्यावर गडद. काच दिसत नाही, पाणी तर मुळीच नाही. नक्षी नको, ताटावर फुलं असली की भातात किडे पडल्यासारखं वाटतं. घरात सगळी ताटं पांढरी होती, म्हणजे नवी आणणं आलं.

दोघं बाहेर पडले. कॅप्टन आधी त्यांना चांगल्या दुकानात घेऊन गेले. काचेच्या दारामागे निळ्या ताटांचा सुंदर संच मांडलेला होता. विक्रेत्याने किंमत सांगितली आणि कॅप्टननी हातातलं ताट तान्हं मूल झोपवावं तसं अलगद खाली ठेवलं. दवाखान्याने खिसा आधीच धुऊन काढला होता. माईंनी त्यांची बाही ओढली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, अंथरूण पाहून पाय पसरावेत, चला जुन्या बाजारात.

जुन्या बाजारात एका गोणपाटावर ताटांचा ढीग होता. एकाचं तोंड दुसऱ्याला मिळत नव्हतं. कॅप्टनना तो ढीग बघूनच कसंसं झालं. त्यांच्या हिशेबी पाच माणसांना पाच एकसारखी ताटं ही देवाची आज्ञा होती. पण माई खाली बसल्या, पर्समधला पांढरा रुमाल काढला आणि एकेका ताटावर ठेवून बघायला लागल्या. हे नको. हे नको. हे राखाडी, यात रुमाल बुडाला. मग त्यांच्या हाती एक इनॅमलचं ताट आलं, शाईसारखं निळं, कडेला टवका उडालेलं. त्यावर रुमाल ठेवला आणि माईंचा हात थांबला.

“हा रुमाल मला दिसतोय,” त्या म्हणाल्या. “चारही कोपरे दिसतायत.”

भंगारवाल्याने त्या ताटाचे फारसे पैसे मागितले नाहीत. तसलं एकच होतं. मग एक बाटलीच्या काचेसारखं हिरवं निघालं, एक विटकरी, एक चॉकलेटी, आणि एक असं जांभळं की ते कुणी आणि का बनवलं असेल याचा कॅप्टनना उलगडा होईना. हे आपल्या टेबलावर येणार, ते पुटपुटले, हॉटेलातली माझी पोरं बघतील तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माई म्हणाल्या, तुमच्या पोरांना बोलावलंय कुणी?

तिथून दोघं गेले भाजीबाजारात. उन्हाळ्याचा शेवट, आणि त्यात संध्याकाळ. पिकून चाललेला माल विक्रेत्यांना घरी न्यायचा नव्हता. टोमॅटो, पिवळ्या-लाल ढोबळ्या मिरच्या, काळीभोर वांगी, कोवळी कणसं, शेवटची टरबुजं, सगळं मातीमोल झालं होतं. माईंनी पिशवीतून ताटं काढली आणि भाजी ताटावर धरून पारखायला सुरुवात केली. मिरची हिरव्या ताटावर, मिरची निळ्या ताटावर. टरबुजाची फोड चॉकलेटी ताटावर. भाजीवाली थोडा वेळ बघत राहिली. मग तिने कॅप्टनना हळूच विचारलं, बाईंना भाजी घ्यायची आहे की फोटो काढायचाय?

“तिला जेवणाची तालीम घ्यायची आहे,” कॅप्टन गंभीरपणे म्हणाले.

माई इतक्या हसल्या की त्यांना टरबुजाच्या ढिगाचा आधार घ्यावा लागला. कॅप्टन त्यांच्याकडे बघत राहिले. हे हसणं गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि आता कळलं की आपण त्याची वाट बघत होतो. भाजीवालीलाही काय झालं कुणास ठाऊक. तिने तीन-चार मिरच्या वरून टाकल्या आणि आता ही पिवळी धरून बघा म्हणाली.

राहिलं टेबलक्लॉथचं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे पडद्याचा एक पिवळाधमक तुकडा उरला होता. गिऱ्हाइकाने डोळ्यांत खुपतो म्हणून परत केलेला. माई म्हणाल्या, मला असाच हवाय, जरा खुपू दे. शिंपीणबाई पैसे घेईनात. त्याबदल्यात कॅप्टननी मला नॅपकिनचा तो पंखा करायला शिकवावा म्हणाल्या. कॅप्टननी तिथल्या तिथे शिकवला. ग्लासांवर उपाय माईंनी काढला. नातीच्या स्वेटरची लाल लोकर उरली होती, तिचे दोन-दोन वेढे प्रत्येक ग्लासाला. वेढे किती उंचीवर यावेत यावरून दोघांची जरा जुंपली. कॅप्टनना ते सगळ्या ग्लासांवर एका रेषेत हवे होते. तेवढं माईंनी त्यांचं चालू दिलं.

रविवारी दार उघडल्याबरोबर लेक उंबरठ्यावरच उभी राहिली. टेबलावर पिवळा पडदा, त्यावर निळं, हिरवं, विटकरी, चॉकलेटी, जांभळं. मधोमध वांगी आणि मिरच्यांची रास, कणसं, टरबुजाच्या लाल फोडी. लाल पट्टे बांधलेले ग्लास. तिने वडिलांच्या कपाळाला हात लावून बघितला. बाबा, बरं आहे ना, म्हणाली, पांढऱ्याशिवाय तुम्हाला काही चालत नव्हतं. नातीने मात्र सरळ धाव घेतली आणि जांभळ्या ताटासमोर जाऊन बसली. हे माझं, तिने जाहीर केलं. चला, म्हणजे त्या ताटाला जगात कुणीतरी होतं.

जावई बसला तो हळूच नॅपकिन उलगडून मांडीभर पसरून. कॅप्टननी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पाहुणे बसले. निळ्या ताटाची खुर्ची रिकामी होती. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात भाताचं भांडं. इतकी तयारी, इतकं हसणं, पण ऐन वेळी त्यांचा धीर सुटला.

“तुम्ही सुरू करा,” त्या म्हणाल्या. “मी मागून बसते.”

लेक आई आई करत उठायला लागली. कॅप्टननी डोळ्यांनीच तिला बसवलं. ते चालत दारापर्यंत गेले, माईंच्या हातातलं भांडं काढून घेतलं, आणि निळ्या ताटाची खुर्ची मागे ओढून धरली, हॉटेलात ती फक्त मुख्य पाहुण्यांसाठी धरायचे तशी, पाठ ताठ, एक हात मागे. माईंना चेहरा दिसत नव्हता, पण हा माणूस असा कसा उभा राहतो हे त्यांना न बघता ठाऊक होतं. त्यांनी पदराने हात पुसले आणि येऊन बसल्या.

कॅप्टननी आधी निळ्या ताटात आणि मग त्या तिघांच्या ताटात भात वाढला. माईंनी मान जरा तिरकी केली, हल्ली त्या डोळ्यांच्या कडेने बघायच्या तशी. मग त्यांचा हात सरळ भातावर गेला. चाचपडला नाही. लाल वेढ्यांवरून बोटं ग्लासाला बरोबर भिडली, त्यांनी पाणी पिऊन ग्लास होता तिथे ठेवला. बाकीच्यांचे हात ताटातच थांबले होते. लेक ताटात बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ते आईला दिसत नाही हे बरं होतं, आणि वाईटही.

“कुणी जेवत का नाहीये?” माई म्हणाल्या. “जावईबापू, तुमच्या हिरव्या ताटातला भात तसाच आहे की. रस्सा घ्या.”

जावयाचे दोन्ही हात आपोआप मांडीकडे गेले. माईंनी रश्श्याचं भांडं पुढे ओढलं, पळी भरली. लालभडक रस्सा, पांढरी वाटी, खाली हिरवं ताट, त्याखाली पिवळा कपडा. पळी टेबलावरून अशी गेली की जणू मधे कुणी रूळ टाकलेत. एक थेंब सांडला नाही. जावयाचा जीव भांड्यात पडला.

“काढा आता तो नॅपकिन,” माई म्हणाल्या. “एवढा मोठा पांढरा पसरलात, तो दिसणार नाही का मला?”

मग जो हशा उठला त्यात जावईच सगळ्यात मोठ्याने हसत होता. आई, पँट जुनी नव्हती, म्हणाला. ठाऊक आहे, म्हणाल्या माई, शिलाई किती पडली तेसुद्धा ठाऊक आहे. आणि मग जेवण जे सुरू झालं ते काही विचारू नका. नातीने टरबुजाच्या बिया जांभळ्या ताटाभोवती मांडल्या, लेकीने नव्या गावातल्या घराला म्हणे बाल्कनी आहे हे सांगितलं, जावयाने तिसऱ्यांदा भात घेतला. माई मधेच कुणाला दही, कुणाला कणीस, हाताखालचं काढून देत होत्या. सांडलं ते एकट्या नातीच्या हातून, आणि तिला कुणी रागावलं नाही.

कॅप्टन पाण्याचा जग घेऊन भिंतीपाशी उभे होते. ग्लास रिकामा झाला की पुढे होत, भरत, दोन पावलं मागे येत. आपल्याला भूक लागली आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. इतकं देखणं टेबल आपण उभ्या आयुष्यात लावलं नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि ते असं वेडंवाकडं, कशाला काही न मिळणारं, याचं त्यांना नवल वाटत होतं.

बोलता बोलता माई थांबल्या. मान तिरकी करून त्यांनी टेबलभर नजर फिरवली. हिरवं ताट, भरलेलं. विटकरी, भरलेलं. जांभळं, बियांसकट.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ते चॉकलेटी रिकामं दिसतंय मला. कुणाचं ते?”

कॅप्टन गोंधळले. त्यांनी पाच ताटं मांडली होती, कारण माणसं पाच होती. पाचवं आपलं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं होऊ दे, मग मी, असं काहीतरी ते म्हणाले.

त्या घरात लग्नापासून असंच चाललं होतं. ते बसले की माई उभ्या, आणि आज माई बसल्या तर ते उभे. एका वेळी दोघं जेवायला बसलेत असं लेकीनेही कधी बघितलं नव्हतं.

“मागून नको,” माई म्हणाल्या. “आत्ता बसा. मला रंग दिसतायत तोवर तुम्ही जेवताना बघायचंय.”

कॅप्टननी जग कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. नातीने तो त्यांच्या हातून घेतला. ते खुर्ची ओढून माईंच्या शेजारी बसले, हात कुठे ठेवायचे ते न कळणाऱ्या पाहुण्यासारखे, आणि माईंनी भाताचं भांडं जवळ घेऊन त्या चॉकलेटी ताटाच्या बरोबर मधोमध भात वाढला.